दिल्लीला निघालेली जोडी

माझा पहिलाच बॉल माझ्या लेनमध्ये गेला नाही. तो हातातून उडाला, मधली पन्हळ ओलांडून शेजारच्या लेनमध्ये आदळला आणि तिथल्या सगळ्या पिना आडव्या करून मोकळा झाला. त्या लेनवर एक मुलगा रुमालाने हात पुसत उभा होता. त्याने आधी पिनांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्या माझ्या व्हत्या," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चूक झाली की माझी जीभ जास्तच चालते, ही माझी जन्माची खोड.

"मंग घ्या ना परत! मी काय घरी घेऊन चालले का?"

तो हसला नाही. नुसता मान खाली घालून रुमालाची घडी घालत राहिला... आणि मी उगीचच ओढणी सारखी केली.

हे दोन हजार दोन सालचं. जालन्यात औरंगाबाद रोडवरच्या एका नव्या हॉटेलच्या तळघरात बॉलिंग सुरू झालं होतं. गुळगुळीत लाकडी पट्टे, टोकाला पांढऱ्या पिना, आणि जड बॉल घरंगळत सोडून त्या पाडायच्या. गावाला त्याचं इतकं नवल, की लोक जेवायच्या निमित्ताने नुसते बघायला यायचे. मी तेव्हा डी.एड. करत होते, जयवंतामावशीकडे राहून. मैत्रीण बेबीनंदाला साडीच्या दुकानातून फुकटचे पास मिळाले होते, म्हणून ती मला ओढत घेऊन गेली होती.

त्या मुलाचं नाव मच्छिंद्र. भोकरदनकडच्या धावड्याचा. जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत कामाला होता. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि ते उगवतं की नाही ते तपासायचं, असलं त्याचं काम.

"दिवसभर उगवायची वाट बघत बसतो," तो म्हणाला, "मंग संध्याकाळी वाटतं, जरा काही पाडावं."

आता मात्र मी हसले. पास संपले, तरी मी जात राहिले. बेबीनंदाचा उत्साह आठवड्यात मावळला, माझा नाही. मी बॉल घट्ट धरून ठेवायचे आणि ऐन वेळी तो सुटायचाच नाही.

"तुमी त्याला धरून ठेवून राह्यल्या," मच्छिंद्र म्हणायचा. "जाऊ द्या की."

"जाऊ दिला तर भलतीकडंच जातो."

"जाऊ द्या. परत येतो त्यो."

आणि बॉल खरंच यंत्रातून गडगडत परत यायचा. तो आला की मच्छिंद्र आपल्या रुमालाने पुसायचा आणि बोटं घालायची भोकं माझ्याकडे येतील असा फिरवून ठेवायचा. एकदाही विसरला नाही. स्वतःचा बॉल कसाही उचलायचा, माझा मात्र असा. मी हे बघितलं, आणि त्यानंतर मला नीट झोप लागेना. सरळच सांगते, मी प्रेमात पडले होते. त्याला सांगायची मात्र हिंमत नव्हती. आमची जात वेगळी. आम्ही जाफराबादचे पिढ्यानपिढ्यांचे जमीनवाले, त्याचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. मला त्याचं काही नव्हतं. पण आमच्या घरात असल्या गोष्टी माझ्या एकटीच्या मताने ठरत नव्हत्या.

आषाढात हॉटेलच्या मॅनेजरने भिंतीवर एक कागद लावला. दिल्लीत हौशी खेळाडूंची राष्ट्रीय बॉलिंग स्पर्धा होती, आणि प्रत्येक ठिकाणाहून एक मिश्र जोडी जाणार होती, एक मुलगा आणि एक मुलगी. एव्हाना माझा बॉल सरळ जायला आणि पिना पाडायला लागला होता. पुढचे काही आठवडे सगळ्यांचे खेळ बघून मॅनेजरने आमची नावं काढली.

माझा विश्वासच बसेना. जाफराबादच्या मुलीने दिल्लीला जायचं, तेही खेळायला! मी आयुष्यात औरंगाबादच्या पलीकडे गेले नव्हते. त्या रात्री मला जितकी दिल्ली हवी झाली, तितकं तोपर्यंत काहीच हवं झालं नव्हतं... एक सोडून.

"दिल्लीला गेल्यावर एक गोष्ट सांगायचीय तुमाला," मच्छिंद्र दुसऱ्या दिवशी म्हणाला.

"इथंच सांगा की."

"न्हाई. इथं लई लोक ओळखीचे हैत."

"दिल्लीचे लोक बहिरे असतात का?"

तो लाजला. बॉल पुसायला घेतला, तर तो बॉल त्याचा स्वतःचाच होता.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "राखी पौर्णिमेला ये घरी. त्या पोरालाबी घेऊन ये. कोणासंगं धाडून राह्यलो ते तर बघू."

मावशी, मी आणि मच्छिंद्र, तिघं जीपने निघालो. श्रावणाची बारीक झड लागली होती. जीपमध्ये मधे मावशी, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. वरची ताडपत्री फाटलेली होती आणि बरोबर माझ्या खांद्यावर थेंब पडत होते. मावशीचा डोळा लागला, तसा त्याने तिच्या पाठीमागून हात लांब करून त्या थेंबांखाली तळहात धरला. मला शिवला नाही. नुसता धरला. तळवा भरला की बाहेर झटकायचा आणि पुन्हा धरायचा. जाफराबाद येऊच नये, असं मला वाटत होतं.

घरी अण्णांनी त्याला समोर बसवून घेतलं. कपाशीच्या बियाण्यावर दोघांचं बोलणं जे सुरू झालं ते थांबेचना. अण्णांना तो आवडला, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. शेवटी ते म्हणाले, "दिल्लीला जायचं तर जा, बिलकुल जा. माझी पोरगी खेळती याच्यात मला काही वाईट वाटत न्हाई. पर बाई, गावाला तोंड हाये. परक्या पोरासंगं चार रोज परगावी... त्याला काय सांगू मी?"

तेवढ्यात झुंबरआत्या ताट घेऊन बाहेर आली. अण्णांची ही थोरली बहीण दरवर्षी त्यांना राखी बांधायला यायची. ताटात निरांजन, कुंकू, पेढे आणि राख्या होत्या.

"त्यात काय एवढं कोडं?" आत्या म्हणाली. "आजचा सण हाये. प्रभावतीनं पोराला राखी बांधावी. भाऊ झाला म्हंजे कोण कशाला बोलंल? तिच्या पाठीवर भाऊ न्हाई, देवानं घरी आणून दिला."

सगळ्यांचे चेहरे उजळले. माय तर पदराने डोळे पुसायला लागली. मुलगा नाही हे तिचं जन्माचं दुःख. अण्णा म्हणाले, "बराबर बोलली आक्का. जल्दी पाट मांडा."

कोणाच्याही मनात कपट नव्हतं. मला खेळायला मिळावं म्हणूनच चाललं होतं सगळं, आणि म्हणूनच मला ओरडता येईना. आमच्याकडे बांधलेली राखी ही थट्टा नसते. एकदा बांधली की तो जन्मभराचा भाऊ. लग्नात पाठीशी उभा राहणार, दिवाळीला भाऊबीजेला येणार. दोरा बांधला की दिल्ली माझी होती, आणि मच्छिंद्र कायमचा माझा नव्हता.

आत्याने माझ्या हातात राखी दिली. लाल गोंड्याची. मच्छिंद्र पाटावर बसला होता, डोक्यावर रुमाल टाकून. मी त्याच्याकडे बघितलं. तू तरी काही बोल... तू तरी उठ...

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने उजवा हात पुढे केला.

जीपमध्ये माझ्या खांद्यावर धरलेला तोच हात. मला आधी इतका राग आला, की ताट उलथून टाकावंसं वाटलं. म्हणजे ह्याला काहीच वाटत नाही? मग त्याचा चेहरा दिसला आणि कळलं. तो मला दिल्ली देत होता. त्याच्याजवळ द्यायला तेवढंच होतं, आणि ते तो मुकाट्याने देत होता.

"हात मागं घ्या," मी म्हणाले.

"बांध ना बाई, निरांजन विझून राह्यलं," आत्या म्हणाली.

"हात मागं घ्या म्हणते ना!" मी राखी ताटात ठेवली. "मला दिल्ली नको. मला हे भाऊ म्हणून नको."

अण्णांनी माझ्याकडे बघितलंच नाही, ते मच्छिंद्रला म्हणाले, "तुला ठावं व्हतं हे?"

"ठावं न्हाई. पर... माझ्या मनात व्हतं, अण्णा."

"मंग हात कामून पुढं केला?"

"त्यांना खेळायचंय." त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. "दुसरं काय करू शकत व्हतो मी?"

माय म्हणाली, "आपली जात काय, त्यांची काय, मेले गं बाई मी," आणि भिंतीला टेकून खाली बसली. अण्णांनी मच्छिंद्रला निघायला सांगितलं. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. तो माझ्यासमोरून गेला आणि दाराशी क्षणभर थांबला.

"दिल्लीत हेच सांगणार व्हतो," तो म्हणाला, आणि भर झडीत बाहेर पडला.

मला परत जालन्याला धाडलं नाही. दिल्लीच्या तारखा आल्या आणि गेल्या; हॉटेलने दुसरीच जोडी पाठवली. सोयाबीन निघालं, कापूस फुटला. मी वेचायला जायचे, घरी यायचे, जेवायचे. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं. मच्छिंद्रचा निरोप नाही, फोन नाही. मीही केला नाही. अण्णांच्या पाठीमागे काही करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडायचे. माझं दोन्ही गेलं होतं.

दिवाळी झाली. एका सकाळी अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून एसटीने कुठेतरी गेले. कुठे ते कोणाला सांगितलं नाही. दिवस मावळताना परत आले. मायने पाणी दिलं. ते पाणी पिऊन म्हणाले, "धावड्याला गेल्तो."

मायचा हात तोंडावर गेला. मी चुलीपुढे होते. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"लहानसं घर हाये. पर नीटनेटकं हाये. त्याची माय गोजरबाई, सरळ बाई. येत्या गुरुवारी पोरगी बघायला येऊन राह्यलेत."

"आन् भावकी काय म्हणंल?" माय कशीबशी बोलली.

"भावकी म्हणंल. म्हणू दे." अण्णा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "त्या पोरानं हात पुढं केलता ना... त्यो हात माझ्या डोळ्यापुढून जाईना. तुझ्यासाठी स्वतःच्या सुखावर पाणी सोडणारा दुसरा कुठं हुडकू मी?"

माझे डोळे भरून आले होते आणि भाकरी करपत होती.

"त्याच्या मायनं इचारलं," अण्णा म्हणाले, "पोरगी काय करती म्हणून."

"मंग? सांगितलं ना," माय घाईघाईने म्हणाली, "सैपाक येतो, शिवण येतं, मास्तरकीचं शिकून राह्यली..."

"न्हाई." अण्णांनी टोपी काढून खुंटीला लावली. त्यांनी मला खेळताना एकदाही बघितलं नव्हतं.

"म्हणलं, खेळती. लई चांगली खेळती."