चार म्हणजे पोहोचलं

लिफ्टचं दार मिटता मिटता एक उंच माणूस कॉफीचा कप सांभाळत आत घुसला. माझा पारा आधीच चढलेला.

"कितवा मजला?" त्यानं विचारलं.

"तो डेटाबेसवाला बसतो तो! आज त्याची काही खैर नाही."

"बाप रे... काय केलं त्यानं?"

मी भडाभडा सांगून टाकलं. आमची कंपनी घरपोच औषधं देते. औषध कुठवर आलं, ते आम्ही आकड्यांत ठेवतो. माझ्या कोडमध्ये चार म्हणजे 'पोहोचलं'. पण या महाशयांनी डेटाबेसच्या टेबलात मधेच 'थंड पेटीत' अशी नवी ओळ घुसडली, चार नंबर तिला दिला, पुढचे सगळे आकडे सरकवले... आणि मला पत्ताच नाही! औषध अजून थंड पेटीत, आणि लोकांना मेसेज — तुमचं औषध पोहोचलं! एका आजोबांचं इन्सुलिन अडकलंय. आजी फोनवर अगदी रडकुंडीला आल्या होत्या.

त्याचा चेहरा उतरला. "तो डेटाबेसवाला... मीच."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात. लिफ्टमध्ये धरणी कुठून आणणार?

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "आधी आजींना फोन लावा."

आणि तो स्वतः बोलला. "आजी, मेसेज चुकीचा गेला. गाडीवाल्याला सगळ्यांत आधी तुमच्याकडेच पाठवतोय. काळजी करू नका हं."

माझा राग कुठे पळाला, कोण जाणे!

मग खुर्चीला खुर्ची लावून आम्ही बसलो. आकडे जुन्या जागी आणले, थंड पेटीला शेवटचा नंबर दिला.

"आता दिलेला नंबर कधी बदलायचा नाही," मी दटावलं.

"नाही बदलणार. पण माणूस विसरतो हो... तपासणीच लिहू या."

माझ्या कोडमधली आकड्यांची यादी आणि त्याचं टेबल जुळल्याशिवाय नवा कोड बाहेरच पडणार नाही, अशी तपासणी. सरावाच्या टेबलात त्यानं मुद्दाम एक आकडा बिघडवला — स्क्रीन लालभडक! मी टाळ्याच पिटल्या. सगळा मजला वळून बघायला लागला.

"लाल एरर बघून एवढं खूश होणारं माणूस पहिल्यांदाच पाहतोय," तो हसला. इतकं छान हसू नये कुणी कामाच्या वेळी...

तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"मिळालं गं औषध, पोरी! आणि त्या मुलाला सांग, आवाज फार गोड आहे हो त्याचा."

त्याचे कान लाल झाले. मी हसू दाबत सामान आवरलं. निघणार, तोच —

"एक अडचण आहे," तो पुटपुटला. "आता सगळं ती तपासणीच सांभाळणार. तुम्हाला भांडायला यायचं कारणच उरलं नाही."

"न भांडता आलेलं चालत नाही का?"

"चालतं ना! रोज या. म्हणजे... तू ये." त्यानं एक श्वास घेतला. "आवडलीस तू मला. घाई वाटेल, पण उद्यापर्यंत थांबवत नाही."

छाती अशी धडधडत होती, की त्यालाही ऐकू गेली असावी.

"अहो..." मी म्हणाले. मग जीभ चावली. "अरे... मलाही नाही थांबवत."