न फुटलेली काच

डोंगरावर चढायचं आणि काचेची एक पट्टी फुटली आहे का ते पाहून यायचं, एवढ्यासाठी आमची मोहीम निघाली होती. 'मोहीम' हा शब्द दिनानाथ सरांचा. माणसं तिघंच होती: सर, मी आणि दिपिका. पण सरांच्या डोक्यावर अशी टोपी होती की जणू हिमालयच गाठायचा आहे.

तुंगारेश्वरच्या रांगेतली ही एक सोंड. तिच्या माथ्यावर काळ्या कातळाला लांबच लांब भेग पडली आहे आणि पायथ्याशी बोरआळी आहे. गेल्या वर्षी सरांनी भेगेच्या दोन्ही काठांना सिमेंटने काचेची पट्टी चिकटवली. डोंगर केसभर सरकला तरी काच तडकते. युक्ती जुनी आणि चांगली आहे, म्हणजे अर्थातच सरांची नव्हे. मग त्यांनी आळीत सभा घेतली आणि सांगितलं, काच फुटली की घरं सोडायची, तोवर खुशाल झोपा. आळी खुशाल झोपली. झोप उडाली ती एकट्या दिपिकाची, कारण तिची आजी धोंडूबाई त्याच आळीत राहते.

मी वसईच्या वाडीतली, केळी-अळूत वाढलेली. डोंगराशी माझं नातं भूशास्त्र शिकल्यापासूनचं. सरांच्या हाताखाली काम करायची वेळ आली ती कोणत्या जन्मीच्या पापामुळे, ते शोधायला अजून सवड मिळालेली नाही.

श्रावण अर्धा सरला होता आणि पाऊस आठवडाभर थांबलाच नव्हता. शेवाळलेल्या कातळावर सर दर दहा पावलांना थांबत, धाप लागली म्हणून, पण आव निरीक्षणाचा आणत. वाटेत लाव्हाच्या दोन थरांमधला गेरूसारखा लाल मातीचा पट्टा उघडा पडला होता. मी बोट लावलं तर माती साबणासारखी निसरडी. ही माती भिजली की वरचा कातळ घसरगुंडीवर बसल्यासारखा होतो, असं मी म्हणाले. सरांनी उत्तर दिलं की हे त्यांनी माझ्या जन्माआधीच लिहून ठेवलंय. लिहिलं असेलही. वाचलं नसेल, इतकंच!

माथ्याजवळ एक ओहोळ लागला. घोटाभर पाणी होतं. तो ओलांडून आम्ही भेगेपाशी पोहोचलो.

काच शाबूत होती. एक चरासुद्धा नाही!

सर असे फुलले की विचारू नका. माणिकपूरच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान आधीच ठरलेलं होतं. डोंगर हललेला नाही याचा पुरावा तिथे दाखवायला हवा म्हणून ते गुडघ्यांवर बसून छिन्नीने काच सोडवायला लागले. मोजमापाचं साधनच उखडून न्यायचं, ही अक्कल फक्त विद्वानांना सुचते. मी तसं म्हणालेही, पण ऐकायला माणूस जागेवर हवा ना. ते तर मनाने व्यासपीठावर पोहोचले होते.

दिपिका पाण्याची बाटली भरायला ओहोळाकडे गेली आणि रिकामी बाटली घेऊनच परत आली.

"अक्षया, ओहोळात पाणी नाहीये."

पाऊस धो धो कोसळत होता आणि ओहोळ कोरडा! मी धावले. गवतात, आम्ही चालत आलो त्याच वाटेवर, एक नवी भेग जबडा उघडून पडली होती आणि सगळं पाणी तिच्यात घटाघटा उतरत होतं. एक करवंदीची जाळी अर्धी मुळं वर करून लोंबत होती. भेगेपलीकडचा काठ माझ्या गुडघ्याएवढा उंच झाला होता. म्हणजे आम्ही खचत होतो.

काच फुटणार तरी कशी? तिने धरलेले दोन्ही दगड मिळूनच खाली निघाले होते. एकाच होडीत बसलेल्या दोघांनी एकमेकांना विचारावं, आपण हललो का, तसला प्रकार.

"सर, उठा!"

"एकच कोपरा राहिलाय."

पायाखाली काहीतरी घुमलं. दिपिकाने भेगेपलीकडच्या काठावर उडी मारली. मीही मारली. कातळ हातभर आणखी खचला. सर आता धावले, टोपी सोडून, छिन्नी सोडून, पिशवी सोडून! काठ त्यांच्या छातीला लागला. मी एक मनगट धरलं, दिपिकाने कॉलर. दुसरा हात देतील तर शपथ, त्यात काच होती! आम्ही ओढलं. शिवी मी मनात दिली, दिपिकाने तोंडाने. सर पोटावर वर आले आणि मागची कड कडाडून बाजूच्या दरीत गेली. उरलेली सोंड अधांतरी राहिली, नेमकी आळीच्या डोक्यावर.

आम्ही घसरत-धावत उतरलो. आळीत शिरताच दिपिका ओरडत सुटली. माणसं दारात आली, वर बघू लागली, मग धोंडूबाईकडे बघू लागली. ती हलली तरच आळी हलणार, हे उघड होतं. म्हातारी उंबऱ्यात ठाम बसून होती. तिने नातीकडे पाहिलंच नाही. तिची नजर सरांच्या हातावर होती.

"काच त शाबूत हाय," ती म्हणाली. "तुमीच बोललात नं, काच फुटल तवाच घर सोरायचा?"

सर खुलासा करू लागले. जुनी भेग, नवी भेग, लाल थर, पाणी. बाई ऐकत होती आणि काचेकडे बघत होती. तिला शब्द दिला होता आणि शब्दाप्रमाणे काच धड होती. वरून एक धोंडा गडगडत गोठ्यामागे येऊन थांबला. दिपिका रडायला लागली.

सरांनी खुलासा अर्ध्यावर सोडला. त्यांनी काचेकडे एकदा पाहिलं आणि ती उंबऱ्याच्या दगडावर आपटली.

"फुटली," ते म्हणाले. "चला, आजी."

धोंडूबाईने तुकडे नीट पाहिले, कोणाच्या अनवाणी पायात जाऊ नयेत म्हणून पायरीवरून बाजूला सारले आणि उठली. तिच्यामागे आळी उठली. सगळे डोंगरापासून लांबच्या शाळेत पोहोचले आणि अंधार पडायच्या आत सोंड खाली आली. घरं गेली. माणूस एकही नाही.

माणिकपूरचं व्याख्यान झालंच. काच आपल्या डोळ्यांदेखत डोंगरावर तडकली आणि आपण वेळीच इशारा दिला, असं सरांनी छाती फुगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. माणूस शुद्ध खोटारडा आहे, याबद्दल माझं मत कायम आहे. दिपिका आणि मी शेवटच्या रांगेत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.