पाठीला पाठ

यासेनाला घराबाहेर काढायचं, एवढंच त्या शनिवार-रविवारी माझं काम होतं. तिचा नवरा कालिन ट्रक उलटून गेला, तेव्हापासून माझी ही धाकटी बहीण चार घास नीट जेवली नव्हती. मी प्लोवदिव शहरातल्या इस्पितळात तीस वर्षं लोकांना पुन्हा चालायला शिकवते. बसलेलं माणूस उठवणं हा माझा धंदा, आणि घरचंच माणूस उठेना. म्हणून रोदोपीच्या डोंगरातल्या एका शिबिरात दोघींची नावं घातली. ध्यान आणि संथ हालचाली, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. कालिनचा चाळिसावा दिवस शनिवारी येत होता, तो मी मुद्दामच साधला. थडग्यापाशी बसून रडण्यापेक्षा डोंगरावर हातपाय हलवलेले काय वाईट? मी स्वतःला फार शहाणी समजते, हे आधीच सांगून ठेवते.

शिबिराला आलेले आम्ही सातजण होतो. शिबिर चालवणारा फिलिप पूर्वी दातांचा डॉक्टर होता आणि अजूनही समोरच्याला भूल दिल्यासारखा हळू बोलायचा.

"आता रविवारच्या जेवणापर्यंत मौन," शुक्रवारी रात्री तो म्हणाला. "एक शब्दही नाही."

"आणि घराला आग लागली तर?" मी विचारलं.

"खुणेनं सांगा."

यासेनाला हसू आलं नाही. मला आलं.

शनिवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिने पिशवीतून डबा काढला. उकडलेले गहू, वर साखर, अक्रोड. माझ्या नकळत घरून करून आणले होते. चाळिसाव्याचे गहू वाटतात, तेव्हा घेणाऱ्याने आभार मानायचे नसतात. चमचाभर तोंडात घालायचे आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. ते ऐकलं की मेलेलं माणूस मागं न बघता निघून जातं, असं आमची म्हातारी माणसं सांगतात.

यासेना एकेकापुढे डबा धरत गेली. मौन पाळायचं म्हणून कुणी छातीवर हात ठेवला, कुणी डोळे मिटून गोड हसलं. सगळ्यांनी खाल्ले. ती प्रत्येकापुढे जरा थांबायची, ओठांकडे बघायची, मग पुढे सरकायची. सर्वांत शेवटी माझ्यापुढे आली. माझ्या तोंडात गहू होते आणि शब्द अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात फिलिपने ओठांवर बोट ठेवलं. शाळकरी पोरीसारखी मी दबले आणि नुसते गहू गिळले. त्याची लाज मला आजही वाटते.

दुपारपर्यंत धुकं खिडक्यांना येऊन टेकलं होतं. लाकडी दिवाणखान्यात ओल्या लोकरीचा वास येत होता. फिलिपने आम्हाला पाठीला पाठ लावून जमिनीवर बसवलं.

"डोळे मिटा. आपला सगळा भार मागच्यावर सोडून द्या," तो पुटपुटला. "भार घेणाऱ्याने फक्त श्वास घ्यायचा."

सातजण, म्हणजे एक जण उरणार. यासेना उरली. फिलिपने तिला भिंतीकडे बोट दाखवलं आणि स्वतः डोळे मिटून बसला.

माझ्यामागे सोफिया शहरातली, बँकेत काम करणारी एक बाई होती. तिचा भार घेता घेता माझी कंबर बोलायला लागली, म्हणून मी चोरून डोळे उघडले.

यासेना भिंतीपाशी नव्हती. ती खोलीच्या मधोमध बसली होती. पाय पुढे सैल सोडलेले, हात मांडीवर, आणि धड मागे कललेलं... निम्म्याहून जास्त. आता हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. त्या कोनात टेकू नसेल तर माणसाचं पोट दहा आकड्यांत थरथरायला लागतं, मान ताठते, पाय उचलले जातात. मी शंभरापर्यंत मोजलं. तिचं पोट मऊ होतं. मान मागे विसावली होती. चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर झोप दिसत होती.

मी बाईला हळूच भिंतीला टेकवलं आणि रांगत यासेनाकडे गेले. तिच्या पाठीमागे हात घातला.

हात गेला नाही.

तिथे काही दिसत नव्हतं. बोटांना ऊब लागली, जाड कापडाची आणि त्याखाली सावकाश वरखाली होणाऱ्या बरगड्यांची. मी हात ओढून घेतला आणि तशीच मागे मागे सरकत गेले.

स्वयंपाकघरात सेव्दा आजी बटाटे किसत होती. ती त्या घराची मालकीण, शिबिराचा स्वयंपाक तिच्याकडे. मी दार लावून घेतलं आणि मौन मोडून सगळं सांगून टाकलं.

तिचे हात थांबले. "गहू खाल्ले सगळ्यांनी?"

"हो."

"आणि एकानंही म्हटलं नाही?"

मी मान खाली घातली.

"अगं बये... घरी बोलावून जेवू घातलंत आणि जा म्हणून कुणी सांगितलंच नाही. तो कशाला जाईल?"

"आत्ता म्हणते मी. शंभरदा म्हणते."

"त्यातले गहू उरलेत का?"

डबा मीच सकाळी धुऊन ठेवला होता.

"मग तिला टेकू देऊ नकोस," आजी अगदी हळू म्हणाली. "आज तिनं भार टाकलाय. उद्या तो टाकेल..."

संध्याकाळी मी यासेनाच्या हाताला धरून दाराकडे ओढलं, गाडीची किल्ली दाखवली. तिने माझा हात अलगद सोडवला. रात्री दोन ताटल्या जेवली आणि भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली. तिचं जेवण बघून मी, वेडी, थोडी सुखावलेसुद्धा. धुक्यात घाटाचा रस्ता उतरायचा कसा, अशी स्वतःची समजूत घातली आणि राहिले.

रविवारी सकाळी फिलिप म्हणाला, "काल ज्यांनी भार दिला, ते आज भार घेतील."

मी यासेनामागे बसायला धावले. पण ती आधीच खोलीच्या मधोमध बसली होती, आणि तिची पाठ वाकायला लागली होती. आधी खांदे गेले, मग मान. कपाळ गुडघ्यांपाशी आलं आणि तिथून आणखी खाली गेलं. माणसाची पाठ एवढी वाकत नाही. तिच्या तोंडून श्वास पिळून निघाल्यासारखा आवाज आला आणि नंतर आवाजच आला नाही. बाकीचे डोळे मिटून शांत बसले होते.

"देव त्याला क्षमा करो!" मी किंचाळले. "देव त्याला क्षमा करो! कालिन, सोड तिला!"

फिलिपने दचकून डोळे उघडले. "शू..." तो म्हणाला. खरंच म्हणाला.

यासेनाचे ओठ निळे पडत होते. मग मला जे सुचलं ते केलं. तिच्या अंगावर ओणवी झाले आणि माझी पाठ वर केली.

"इकडे ये," मी म्हणाले. "ती नाही पेलणार. माझ्याकडे ये रे..."

आधी मानेवर ऊब आली. मग बाकीचा आला.

माझ्या खाली यासेनाने श्वास घेतला आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. यासेना बरी आहे. शाळेत शिकवायला जाते, हसते, दोन किलो वाढली म्हणून कुरकुरते. मी मात्र वाकून चालते. एक्स-रेमध्ये माझा कणा स्वच्छ आहे. इस्पितळातले म्हणतात, "नेवेना, दुसऱ्यांना ताठ करता करता स्वतःच मोडलीस की!" मी हसते. धर्मगुरूकडे गेले नाही, पुन्हा गहू उकडले नाहीत. मला भीती वाटते, रोज वाटते. पण मी त्याला झटकला, तर तो कुणाकडे जाईल ते मला ठाऊक आहे.

यासेनाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्या सकाळचं तिला काही आठवत नाही, असं ती म्हणते.

दर रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते. परवा निघताना दारात थांबली. मला मिठी मारली नाही. टाचा उंचावून उभी राहिली, दोन्ही हात माझ्या डोक्याच्या वर, जरा मागे नेले आणि बोटांनी काहीतरी सारखं केलं. शर्टाची कॉलर नीट करतात ना, तसं.

"थंडी आहे," ती लाडाने म्हणाली. "वरचं बटण लावत जा."

मी गोल गळ्याचा स्वेटर घातला होता.