कर्र आवाजाचं काम

आईचा चेहरा नवव्या सेकंदाला फुटला.

आधी कपाळाचे चौकोन चौकोन झाले, मग डोळ्यांचे, आणि शेवटी "शरू, तू जेव…" एवढा आवाज तेवढा उरला. मग तोही गेला.

"धागा तुटला. पुन्हा जुळवत आहे," यंत्र शांतपणे म्हणालं.

"आई!" शर्वरी पडद्याकडे आणखी झुकली.

"धागा तुटला. पुन्हा जुळवत आहे."

भेटीची अकरा मिनिटं अशीच संपली. डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर, गवतात पिकअप गाडी उभी होती. गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात एक बुटकी, जाड दुर्बीण बसवलेली होती आणि ती पश्चिमेला मावळतीकडे निघालेल्या फिकट चंद्राकडे तोंड करून होती. त्या चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ शर्वरीची आई होती. तिथल्या तळावर ती बर्फ शोधणारी यंत्रं दुरुस्त करायची.

दर आठवड्याला एकदा घरच्यांशी बोलायला मिळे. त्यासाठी किरणधागा (लेझर प्रकाशाच्या बारीक झोतावरून पाठवलेलं बोलणं आणि चित्र) जुळवावा लागे. खाली वाडीत डोंगर आडवा येई, म्हणून सड्यावर यायचं. दुर्बिणीचा खांब आईनं जाण्याआधी स्वतः हौद्यात पक्का केला होता. आजोबांनी तो जागचा हलवू दिला नसता, आणि शर्वरीनंही.

"दोन आठवडे झाले, आजोबा. दोन्ही वेळा असंच." शर्वरीनं बाहीनं नाक पुसलं. "आणि पुढच्या भेटीनंतर ती त्या खोल विवरात उतरणार. चाळीस दिवस धागाच नाही. दिवाळीतसुद्धा नाही."

"माहीत आहे बाळा." आजोबांनी खिशातून वही काढली. निवृत्त होईपर्यंत ते भूकंपमापन केंद्रात होते. कुठलीही गोष्ट बिघडली की ते आधी वही उघडत, मग तोंड. "जुलैपासून तीन महिने चित्र उत्तम. बिघडलं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आकाश तेच, दुर्बीण तीच, यंत्र तेच. मग बदललं काय?"

 शर्वरी हौद्यातून खाली उतरली आणि गाडी झुलायला लागली. वर, खाली, वर, खाली. आजोबा तिच्याकडे न बघता गाडीकडे बघत राहिले.

"शरू, मागची बाजू दाबून सोड बघू. आणि मोज."

तिनं सगळा भार टाकून गाडीची शेपटी दाबली आणि सोडली. मोजता मोजता ती एकोणिसावर पोचली, तेव्हा कुठे गाडी थांबली.

"एकोणीस हेलकावे!" आजोबा म्हणाले. "ही गाडी आहे का पाळणा? यंत्राला धागा जुळवायला चार सेकंद स्थिर उभं राहायला हवं. आणि इथे गाडी केसभर कलली, तरी चंद्रापर्यंत जाताना त्या केसाचे दहा-वीस किलोमीटर होतात. तू पडद्याकडे झुकलीस की गाडी हलते आणि पुढचे बारा सेकंद हलतच राहते."

म्हणजे आई दिसली की आपण झुकतो, आणि झुकलो की आई जाते. शर्वरीला हे ऐकून अजूनच वाईट वाटलं.

घरी आल्यावर अंगणात आजोबा गाडीखाली सरपटले आणि बॅटरीचा उजेड मागच्या चाकांजवळ टाकला. तिथे एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांची जुडी होती. तिला पाटे म्हणतात. गाडीची ती स्प्रिंग. पाट्यांशेजारी हातभर लांबीची एक नळी तिरकी उभी होती.

"हा शॉकप. म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. खड्ड्यात चाक उडालं की पाटा वाकतो आणि धक्का साठवून घेतो. पण पाटा काही ठेवून घेत नाही. घेतलेलं सगळं परत देतो, मग पुन्हा घेतो, पुन्हा देतो. हे देणंघेणं थांबवायचं काम शॉकपचं. आत तेल असतं. पण बघ, हे तेल कधीचंच गळून गेलंय. ओघळ सुकलाय, त्यावर धुळीचा थर बसलाय." आजोबांनी त्या ओघळावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "हे दोन्हीकडचे तर वर्षभरापूर्वीच मेलेत. मग तीन महिने चित्र टिकलं कसं?"

शर्वरी गाडीशेजारी उकिडवी बसली.

"आजोबा," ती म्हणाली. "तुम्हाला गाडीचा आवाज बदललेला कळला नाही?"

"कुठला आवाज? मी गाडी चालवताना कानातलं यंत्र काढून ठेवतो. ती कर्र कर्र कोण ऐकणार?"

"ती कर्र आता होत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "खंडेनवमीला तुम्ही मला तेलाचा डबा दिला होतात ना? कोयते, पाने, पकडी, सगळ्याला तेल लावून पूजेला मांडायचं म्हणून. मी पाट्यांनाही लावलं. नुसतं वरून नाही. मधल्या फटींत ओतलं. अख्खा डबा."

आजोबा गाडीखालून बाहेर आले. त्यांच्या केसांत माती होती.

"का गं?"

"आई संध्याकाळी यायची ना, तेव्हा वळणावर कर्र वाजायचं. मी आतून पळत यायचे. आता गाडी तुम्ही आणता. तरी कर्र वाजलं की मी पळतेच. दारापर्यंत येते, मग आठवतं. रोज रोज नको वाटायला लागलं."

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं, पण ती हलली नाही.  मग बोलले ते एकदम वेगळ्याच आवाजात, केंद्रात काही सापडलं की बोलत असतील तसे.

"शरू, दोन्ही तळहात घास. जोरात. काय होतं?"

"गरम होतात."

"पाटे एकमेकांवर घासत होते, तेच घर्षण. गाडीच्या हेलकाव्यातली ऊर्जा त्या घासण्यात खर्च होत होती. बहुतेक सगळी उष्णता होऊन जायची आणि चिमूटभर आवाज होऊन. ती कर्र उगाच होत नव्हती. मेलेल्या शॉकपचं काम ती एकटी करत होती. तू तेल घातलंस आणि तिला सुट्टी दिलीस."

"मग तेल पुसून टाकू?"

"फटीतलं कसं पुसणार? आणि घर्षण लहरी असतं. आधी धरून ठेवतं, मग एकदम सोडतं. त्याच्यावर चंद्र टांगता येत नाही. नवे शॉकप घालू. घरीच."

आजोबांनी कराडहून मागवलेली जोडी तिसऱ्या दिवशी टपालाच्या उडत्या पेटीतून अंगणात उतरली. भेटीला चार दिवस होते.

काम सुरू करण्यापूर्वी आजोबांनी होळीची पिचकारी आणली. आधी नुसती हवा भरून दांडा दाबायला लावला. सटकन आत गेला. मग शेंगदाणा तेल भरलं.

"हळू दाब."

दांडा सरकला.

"आता जोरात."

शर्वरीनं दात-ओठ खाल्ले, पण तेल त्या बारीक भोकातून आपल्याच चालीनं आलं. "जितकं जोरात ढकलावं तितकं जास्त अडवतंय!"

"शॉकप म्हणजे दोन्हीकडून बंद पिचकारी. आत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. चाक उडालं की दट्ट्याला तेलातून वाट काढावी लागते. संथ हालचालीला तो फारसा नडत नाही, झटक्याला नडतो. याला अवमंदन (हालचालीची ऊर्जा काढून घेऊन ती शमवत नेणं) म्हणतात. आमच्या भूकंपमापकालाही ते लागायचं. पहिल्या धक्क्यानं काटा डुलतच राहिला, तर दुसरा धक्का त्याला कळणार कसा?"

"मग काटा घट्ट बांधूनच टाकायचा."

"मग पहिलाही कळणार नाही. हलायला तर हवं. फक्त हलून थांबताही आलं पाहिजे."

त्यांनी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. मागची बाजू उचलून खाली टेकू म्हणून लोखंडी घोडे दिले, आणि चाकं जोडणारी जड आस खाली लोंबकळू नये म्हणून तिला जॅकचा आधार दिला. एका वेळी एकच बाजू सोडायची, असं आजोबांनी बजावलं. वरचा नट सुटला. खालचा गंजला होता. आजोबा पान्याला लोंबकळले, पाना सटकला आणि त्यांचं बोट चेपलं.

"आई गं!"

"तेल घालू का?" शर्वरीनं विचारलं.

आजोबा बोट तोंडात धरून हसले. "घाल. इथे हवं तेवढं घाल."

दुसऱ्या दिवशी नट मुकाट्यानं सुटला. नवा शॉकप उभा धरून शर्वरीनं तो पाच वेळा दाबला आणि ओढला, म्हणजे आडवा राहून तेलात शिरलेली हवा वर निघून जाते. दोन्ही बाजू बसल्यावर गाडी खाली चाकांवर घेतली आणि मगच नट शेवटचे आवळले. भार नसताना आवळले असते, तर टोकांचे रबर गाडी उतरवल्यावर पिळवटले असते.

"दाब," आजोबा म्हणाले.

तिनं शेपटी दाबून सोडली. गाडी वर आली, थोडी खाली गेली आणि गप्प उभी राहिली.

"दीड," शर्वरी म्हणाली. "आजोबा, दीडच!"

भेटीच्या दिवशी सकाळी आठला चंद्र अर्ध्याहून थोडा लहान आणि डोक्यावर होता. सड्यावर वारा होता. शर्वरी हौद्यात बसली, हात मांडीखाली दाबून.

"धागा जुळला," यंत्र म्हणालं.

आई आली. डोळ्यांखाली काळं, केस जाळीच्या टोपीत कोंबलेले. शर्वरी झुकली. न झुकणं तिला जमलंच नाही. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. चित्र एकदा थरथरलं. यंत्र काही बोललं नाही.

"आई, मी पाट्यांना तेल घातलं," ती घाईघाईनं म्हणाली. "म्हणून तुटत होतं. कर्र ऐकलं की तू आलीस असं वाटायचं, म्हणून. मग आम्ही शॉकप बदलले."

चंद्राहून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. ते गेले. तीन, चार, पाच. शर्वरीनं घाबरून यंत्राकडे पाहिलं. पण धागा शाबूत होता. आईच बोलत नव्हती.

"इथे बाहेर हवा नाही, शरू," शेवटी आई म्हणाली. "शेजारी यंत्र दगडावर आपटलं तरी आवाज येत नाही. त्या कर्रसाठी मी काय वाट्टेल ते देईन." तिनं डोळे टिपले. "आणि आजोबांनी बोट चेपून घेतलं असेलच. कुठलं?"

"डावं मधलं," आजोबा मागून ओरडले.

पूर्ण अकरा मिनिटं ते बोलले. चाळीस दिवस पुरेल असं काही बोलायचं राहून गेलं, असं शर्वरीला नंतर वाटलं. पण चित्र शेवटपर्यंत तुटलं नव्हतं. आईनं हात हलवला होता आणि तो खाली जाताना दिसला होता.

खडबडीत उतार उतरून गाडी घरी आली. आजोबांनी तिला गाडीखाली बोलावलं. "हळूच बोट लाव."

शॉकप कोमट होता.

"हे आपले धक्के," ती म्हणाली. "वाटेतले सगळे."

"कुठे गेले नाहीत. नुसते ऊब झाले."

ती तसाच हात ठेवून बसली. "आजोबा, फटीतलं तेल किती दिवस टिकेल?"

"धूळ आहे, ओढ्याचं पाणी आहे. फार तर सहा-सात महिने."

शर्वरीनं बोटांवर मोजलं. आई मे महिन्यात परतणार होती. तिनं पुन्हा एकदा मोजलं. कर्रही साधारण तेव्हाच परतणार होती. मग गाडीत जाऊन तिनं पुढच्या खणातली छोटी डबी आणली आणि आजोबांच्या हातात ठेवली.

"कानातलं यंत्र घालत जा," ती म्हणाली. "मी शाळेत असताना पहिली कर्र वाजली, तर कळायला नको?"