काडीपैलवानाची खुर्ची

त्या खुर्चीत बसून लिफ्टवाल्याला मिळण्यासारखं काय होतं? पंख्याचा वारा, कपभर चहा आणि गच्चीवरच्या तापलेल्या मशीनरूममधून घटकाभर सुटका. झालं, संपला फायदा. समोर बसून चित्रं काढणाऱ्या बाईच्या बाजूने पाहाल तर सौदा बराच घसघशीत होता. तिला एक हडकुळा माणूस हवा होता, आणि तो आयता तिच्या डोक्यावर येऊन उभा राहिला होता.

अगदी डोक्यावरच. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. ती आत, काखेत कागदांची गुंडाळी, हातात शाईची बाटली. वरच्या मजल्याचं दार कुणीतरी किल्लीने उघडलं, आणि फटीतून बॅटरी धरलेला एक हात आत आला.

“घाबरू नका मॅडम, काढतो बाहेर.”

“मी घाबरलेली नाही. हात जरा उजेडात धरा.”

“का? लागलंय काही?”

“नाही... मनगटाची हाडं फार सुंदर आहेत तुमची.”

वरून बॅटरी खाली पडली. एवढं कौतुक त्या हाडांच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं.

ती ‘वज्रदल’ नावाचं कॉमिक काढायची. गोष्ट जुन्याच वळणाची – डोंगराखाली लष्कराची गुप्त प्रयोगशाळा, भरतीत नापास झालेला एक किडकिडीत तरुण, हिरव्या औषधाचं इंजेक्शन, आणि मग काचेच्या खोलीतून बाहेर पडणारा महासैनिक. लिहायची तीच, चित्रंही तिचीच. फक्त एक अडचण होती. डोळ्यांसमोर माणूस बसलेला नसेल, तर तिच्या हातून धड कोपरसुद्धा उमटत नसे. इंजेक्शनानंतरच्या पैलवानासाठी कोपऱ्यावरच्या तालमीत हवे तेवढे गडी दंड फुगवून बसले होते. इंजेक्शनाआधीचा मात्र कुठे मिळत नव्हता.

म्हणून मग रोज दुपारी खुर्ची, पंखा, चहा.

“मान डावीकडे. श्वास घेताय की नाही?”

“तुम्हीच हलू नका म्हणालात.”

“श्वास घ्या हो, काडीपैलवान! मेलात तर पहिल्या अंकातच गोष्ट संपायची.”

तो हसला, की गळ्याजवळच्या खळगीत उजेड हलायचा. तिने तो उजेड कागदावर आणायचा प्रयत्न केला... पुन्हा केला... आणि मग बराच वेळ नुसतीच बघत राहिली.

“याला का निवडतात हो ते?” त्याने एकदा विचारलं. “एवढे धडधाकट असताना?”

“ज्याच्यामागे रडायला कुणी नाही, त्यालाच निवडतात. प्रयोग फसला तर कुणाला कळवायला नको.”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “उंच टॉवरच्या लिफ्टा बसवणारी एक टोळी आहे. त्यांच्याकडे गेलो होतो मी. मोठं काम, आभाळाला टेकलेलं. मुकादम म्हणाला, वाऱ्याने उडालास तर आम्ही कुणाला कळवायचं? मी म्हटलं, कुणालाच नाही. तर म्हणे, मग आधी दोन घास खाऊन ये.”

तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आधीच चांगलं होतं. खोलीवर परतल्यावर कुणाचा तरी आवाज असावा, म्हणून सकाळी निघताना रेडिओ चालू ठेवून येणारी बाई ती.

“आणि दिवसभर वर एकटेच? कुणाशी बोलता?”

“लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये तोंड घालून हाक मारतो. तीच परत येते. चांगली सोबत आहे, उलट बोलत नाही.”

आता इथून तिचा व्यवहार बिघडला. इंजेक्शन दुसऱ्या अंकात लागू पडायचं होतं. पण ते लागू पडलं, की हडकुळ्याचं काम संपलं आणि खुर्ची रिकामी, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. मग दुसऱ्या अंकात वीज गेली. तिसऱ्यात बाटली फुटली. चौथ्यात प्रमुख शास्त्रज्ञाला ऐन वेळी शिंक आली. बिचारा हडकुळा अंकामागून अंक काचेच्या खोलीत जायचा आणि जसा होता तसाच बाहेर यायचा. ती एक उसासा टाकून त्याची गळ्याजवळची खळगी पुन्हा रेखाटायची.

“शर्ट आटलाय का तुमचा?” एकदा तिने विचारलं.

“हो... धुण्यात.”

“साबण बदला.”

संपादक, म्हणजे कॉमिकचा मालक आणि तिचा सख्खा काका, चौथा अंक टेबलावर आपटून म्हणाला, “अगं बये, पोरं पैलवान बघायला येतात, पेशंट नाही! शास्त्रज्ञाला शिंका कसल्या आणतेस? पुढच्या अंकात औषध लागू पडलं नाही, तर छापत नाही मी!”

दुसऱ्या दिवशी तिने लिफ्टवाल्याला चहा दिला आणि खिडकीकडे बघत सांगितलं, “या आठवड्यात प्रयोग यशस्वी होणार. मग... खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल.”

तिला वाटलं, तो काहीतरी विचारेल. त्याला वाटलं, ती पुढे काहीतरी बोलेल. दोघांनी चहा मात्र अगदी नीट संपवला.

“बरं,” तो म्हणाला.

शेवटच्या बैठकीला काका पानं न्यायला वर आला. त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं, खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं, आणि पोट धरून हसायला लागला.

“अगं, हा कोण बसलाय? चित्रातला हाडांचा सापळा कुठे आणि हा गडी कुठे! दंड बघ त्याचे, बाही उसवलीय! तुझा प्रयोग तर केव्हाच यशस्वी झालाय!”

तिने पाहिलं. पहिल्यांदाच, खरं तर. मान भरली होती. ती खळगी कधीच बुजली होती. रोज समोर बसलेला माणूस तिने एकदाही नीट पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी पाहिलेलाच ती काढत आली होती. समोर माणूस नसताना कोपर न उमटणाऱ्या त्या बाईच्या हातात एक अख्खा माणूस पाठ होऊन बसला होता.

तो मुकाट्याने उठला आणि लिफ्टकडे गेला. ती मागोमाग आत शिरली. दोन मजल्यांच्या मध्ये त्याने लाल बटण दाबलं. लिफ्ट थांबली.

“कुणी सांगितलं होतं हे करायला?” तिने विचारलं.

“तुम्हीच. दर वेळी इंजेक्शन फसायचं आणि तुम्ही उसासा टाकायचात. म्हटलं, यांना तो दुसरा हवाय. मग वर मशीनरूममध्ये... जोर, बैठका, उकडलेली अंडी. म्हटलं, तोही मीच झालो, तर खुर्ची माझ्याकडेच राहील.”

“अहो, ते इंजेक्शन मुद्दाम फसवत होते ती मीच! तुम्ही जाऊ नये म्हणून...”

लिफ्टमधला छोटा पंखा कुरकुरत राहिला. तो हसला. तिने सवयीने गळ्याकडे पाहिलं. उजेडाला हलायला तिथे आता जागाच नव्हती.

“तू खुर्चीत दुसरं कुणी बसेल म्हणालीस ना... त्याच संध्याकाळी मी त्या टोळीकडे गेलो. त्यांच्यासमोर लोखंडी रूळ एकट्याने उचलला. घेतलं त्यांनी मला! मुकादमाने पुन्हा तेच विचारलं, कुणाला कळवायचं?”

“काय सांगितलंस?”

“तुझं नाव.”

ती बोटावरची शाई अंगठ्याने पुसत राहिली.

“उद्या निघायचंय. फार लांब आहे. पण नाही म्हणून सांगतो त्यांना. तू म्हण फक्त.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, या वेळी मात्र नीट. ‘घेतलं त्यांनी मला’ म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते तिच्या एवढ्या पानांत कुठेच नव्हतं. खुर्चीत बसवून ठेवलेला माणूस चित्रात बरा दिसतो. तिने हात पुढे करून बटण स्वतःच सोडलं. लिफ्ट हलली.

“परत येताना कसा येशील रे? जाडा की बारीक?”

“कसा हवाय?”

“लवकर.”

तो आपला जुना शर्ट तिच्याकडे ठेवून गेला. आता त्याच्या अंगात तो जातच नव्हता. तिने तो खुर्चीच्या पाठीला घातला, आणि ज्या पानावर काचेचं दार उघडून महासैनिक बाहेर येतो, ते पान एका बैठकीत पुरं केलं.

अंक हातोहात खपला. काकाला हवा तो पैलवान मिळाला, पोरांना हिरो मिळाला, टोळीला एक भरवशाचा खांदा मिळाला, आणि लिफ्टवाल्याला आभाळाला टेकलेलं काम. दार उघडलं तेव्हा आतला हडकुळा कुठे गेला, हे मात्र एकाही वाचकाने विचारलं नाही. किंमत भरली ती त्या हडकुळ्याने. आणि रोज दुपारी रिकाम्या शर्टासमोर दोन कप चहा ठेवणाऱ्या एका बाईने.