रोलमधला शेवटचा फोटो

हे मी कुणाला पटवायला लिहीत नाही. घडलं तेच सांगतो.

नेब्रास्कातलं आमचं शेत. १९५२, तेवीस जुलै, संध्याकाळचे सव्वासात. ऊन अजून होतं.

माझी बायको लावॉन. आठवडाभर तिला पवनचक्कीच्या वर आकाशात एक चकचकीत उडती तबकडी दिसत होती. त्या उन्हाळ्यात पेपरात रोज तेच असायचं. मी तिची टर उडवायचो.

एकदा मी पत्र्याचं ताट हवेत भिरकावलं. "घे, काढ तुझ्या तबकडीचा फोटो."

तिने खरंच काढला.

रोल आठ फोटोंचा. आमच्याकडे रोल पुरता संपल्याशिवाय कुणी धुवायला देत नसे. मग ती रोज संध्याकाळी कॅमेरा घेऊन पवनचक्कीखाली उभी राहायची.

त्या दिवशी ती धावत दाराशी आली. मी आतून कडी लावली होती. गंमत म्हणून.

"ओर्व्हल, दार उघड. तबकडी खाली येतेय."

"किती फोटो झाले?"

"सात. उघड ना रे."

"मग एक उरलाय की. तो काढ आणि ये. तबकडीतल्या पाहुण्यांनाही आण जेवायला, कणसं भरपूर आहेत."

ती दारावर थापा मारत राहिली. मी खिडकीतून बघून हसलो. रेडिओ मोठा केला.

मग... थापा थांबल्या.

रेडिओही गप्प झाला. कोंबड्या, पवनचक्कीची करकर... काहीच नाही.

मी कडी काढली.

पायरीवर कॅमेरा होता. लावॉन नव्हती.

आठवडाभर शेरीफ आणि त्याच्या पोलिसांनी शेतं तुडवली. काही सापडलं नाही. रोल शेरीफनेच धुऊन आणला.

पहिल्या फोटोत ताट.

दुसऱ्यातही तेच ताट... पवनचक्कीच्या वर, आकाशात. पुढे प्रत्येक फोटोत मोठं होत गेलेलं. मी ते एकदाच फेकलं होतं.

आठवा फोटो उंचावरून काढलेला. आमचंच घर. लावॉन पाठमोरी, तळवा दारावर. कॅमेरा पट्ट्याने तिच्या मनगटाला लटकलेला.

मला वाटलं, हा फोटो कोणी काढला असं शेरीफ विचारेल.

तो म्हणाला, "ओर्व्हल, कडी कोणी लावली होती?"

मी फोटो पालथा ठेवला.

सात वर्षांनी कोर्टाने तिला मृत ठरवलं. फोटो मला परत मिळाला. तेव्हा तो नीट पाहिला.

लावॉन फोटोच्या अगदी कडेला आहे, अर्धी कापलेली.

मधोमध खिडकी आहे... आणि तिच्यात हसणारा मी.