वाकडी वीण

माझ्या हाताला नावं ठेवणारी अजून जन्माला यायची आहे, असं मी तोऱ्यात म्हणायचे. उगीच नाही म्हणत. पनवेलच्या कोळीवाड्यात फाटकं जाळं आधी माझ्या ओटीवर येतं. त्याच जोरावर २००९ साली गोदामाचं काम पाहणाऱ्या वसुंधराताईंनी मला जवळच्या कोन गावातल्या गोदामात जुने गालिचे सांधायला ठेवलं.

ताईंनी शिकवलं, मी पाठ केलं. काशानचा गालिचा त्या इराणी शहरातल्या कारखान्यातला, गाठी बारीक, कडा सरळ. बलुची काळसर. एकदा आला तो मात्र इराणातल्या भटक्या कश्काई मेंढपाळांचा, शंभरावर वर्षं जुना. लाल जमिनीवर पक्षी, बकऱ्या, आणि कोपऱ्यात वीतभर भोक.

"आठ दिवसांत जहाजावर चढायचाय," ताई म्हणाल्या. "गोदामाचे मालक बाहेरच्या कारागिराकडे देत होते. मी तुझं नाव पुढे केलंय, किशोरी."

त्या नावासाठी मी जीव ओतून बसले. संध्याकाळपर्यंत चार बोटं विणलं, अगदी एकसारखं. कुलूप लावून घरी गेले.

सकाळी भोक पुन्हा वीतभर होतं. माझी गाठ न् गाठ उसवलेली होती. लोकरीचे तुकडे शेजारी रंगावार लावून ठेवले होते. उंदीर काही रंग ओळखत नाहीत.

गोदामाची राखण करणाऱ्या ठमाबाईला विचारलं. "मी आत पाय नाय ठेवत," ती म्हणाली. "चावी तुज्यापाशीच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी आणखी रेखीव विणलं. पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळी लवकर आले, तर बंद शटरमागून आवाज येत होता. धप… धप… धप… आडवा धागा ठोकून बसवायच्या जड फणीचा. माझी फणी तर माझ्या पिशवीत होती.

"ठमाबाई… आत कोन हाय?"

"परवापासून आयकते मी," ती हळूच म्हणाली. "कोनतरी बाय हाय… कामाची हाय."

चावी फिरवली तसा आवाज थांबला. आत कोणी नव्हतं. ओल्या मेंढीचा आणि धुराचा वास होता. खरं सांगते, भीतीपेक्षा राग जास्त आला होता. माझं काम उसवते म्हणजे काय?

त्या रागातच मी गालिचा उलटा केला, आणि माझी चूक दिसली. शंभर वर्षांपूर्वी तो विणणाऱ्या बाईच्या ओळी तिरक्या चालल्या होत्या. या लोकांचा माग जमिनीवर ठोकलेला. मेंढपाळांचा तळ हलला की तो उखडायचा, पुढच्या माळावर पुन्हा मांडायचा. दर मुक्कामाला वीण थोडी कलायची. मला सवय जाळ्याची. तिथे गाठींमधला डोळा लहानमोठा झाला की मासा निसटतो. म्हणून मी तिचं सगळं सरळ करत बसले होते.

"चुकले गं बाय," मी त्या रिकाम्या गोदामात म्हणाले. "आता तुज्यासारकंच विणते."

त्यानंतर एकही गाठ उसवली नाही. सातव्या संध्याकाळी बोटभर काम उरलं होतं. सकाळी तेही भरलेलं होतं.

ताईंनी भिंग लावलं, बोट फिरवलं. "भोक होतं तरी कुठे गं?" अभिमानाने माझा ऊर भरून आला.

"सगलं मीच केलं," मी म्हणाले. त्या बोटभर कामाचं मी काही बोलले नाही.

गालिचा जहाजावर चढून चार दिवस झाले होते. पहाटे माझ्या नवऱ्याने, बुधाजीने, ओटीवरून हाक मारली.

"किशोरी, ह्यो डोळा कोनी भरला? वाकडा हाय."

मी विणलेल्या नव्याकोऱ्या नायलॉनच्या जाळ्यात, मधोमध, एक डोळा लाल लोकरीने विणलेला होता. जरासा कललेला, तिच्या ओळींसारखा. शेजारी माझ्या नायलॉनचे तुकडे ओळीने लावून ठेवले होते.

उसवायला म्हणून मी सुई उचलली, आणि मग खाली ठेवली. लोकर अजून कोमट होती.